वाफसा येईपर्यंत थांबा: फोर्ट पेक जलाशयाची पहिली सहल

फोर्ट पेकला जायचं ठरलं की रजेच्या अर्जात एक दिवस जास्तीचा लिहा. तंबू, होडी, गळ यांचं नंतर बघू. तो एक दिवस हाताशी नसला की माणूस ओल्या रस्त्यावर गाडी घालतो, वारा सुटलेला असताना होडी पाण्यात लोटतो. मी मिनेसोटातून गेली काही वर्षं तिकडे जातोय. पहिल्या खेपेला सोमवारी कामावर हजर व्हायचंच होतं, आणि त्या घाईपायी बायको-मुलांसह एक अख्खी रात्र चिखलात रुतलेल्या गाडीत काढली. ती वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

हे पाणी कुठलं

अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या ईशान्य भागात मिसुरी नदी अडवून हा जलाशय केला आहे. मंदीच्या काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून रूझवेल्ट सरकारनं १९३३ साली काम सुरू केलं, १९३७ मध्ये नदी अडली आणि १९४० साली धरण पुरं झालं. ऐन भरात दहा हजारांहून जास्त माणसं तिथं राबत होती. आपल्या पैठणच्या जायकवाडीसारखं हेही मातीचं धरण. लांबीला जायकवाडी मोठं, सुमारे दहा किलोमीटर; हे साडेसहाच्या आत. पण उंची ७६ मीटर, म्हणजे जायकवाडीच्या जवळजवळ दुप्पट. जलाशय भरला की पाणी नदीच्या पात्रात २१६ किलोमीटर मागे पसरतं. सगळ्या घळी आणि वळणं धरली तर किनारा भरतो सुमारे २,४५० किलोमीटर. शाळेत आपण महाराष्ट्राचा समुद्रकिनारा ७२० किलोमीटर असं पाठ केलं होतं, त्याच्या तिपटीहून जास्त.

आणि एवढ्या किनाऱ्यावर माणूस जवळपास नाहीच. दक्षिणेकडचा गारफील्ड परगणा क्षेत्रफळानं आपल्या सातारा जिल्ह्याहून मोठा आहे. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या बाराशेच्या आत भरली. जलाशयाच्या भोवती चार्ल्स एम. रसेल राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान आहे, सुमारे ११ लाख एकरांचं. म्हणजे किनाऱ्यावर बंगले नाहीत, हॉटेलांची रांग नाही, भजी-कणसांच्या गाड्या नाहीत. गवत, सेजची करडी झुडपं, मातीचे उघडे कडे आणि पाणी. ज्यांना हे ऐकून बरं वाटलं त्यांनी पुढे वाचावं. ज्यांना सोबत बाजार लागतो त्यांनी यलोस्टोन गाठावं, तेही सुंदरच आहे.

कुठल्या बाजूनं उतरायचं

नकाशावर एक जलाशय दिसतो, पण जाणाऱ्याला ती तीन वेगळी ठिकाणं आहेत, आणि एकातून दुसऱ्यात जायला अर्धा दिवस मोडतो. मध्ये पूल नाहीत.

उत्तरेची बाजू म्हणजे ग्लासगो गाव आणि तिथून सुमारे ३० किलोमीटरवर धरणापाशी वसलेलं छोटं फोर्ट पेक. धरणापर्यंत रस्ता डांबरी. भिंतीच्या खालच्या अंगाला लष्कराच्या अभियंता विभागाचं डाउनस्ट्रीम कॅम्पग्राउंड आहे. कॉटनवुडच्या झाडांची सावली, नळाचं पाणी, शौचालयं, वीज असलेल्या जागा, सगळं आहे. जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर आधी राखून ठेवता येते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, विशेषतः मुलं किंवा आई-वडील बरोबर असतील तर, इथेच उतरावं. दुसरा विचार करू नये.

दक्षिणेची बाजू म्हणजे जॉर्डन गाव आणि तिथून उत्तरेला खडीच्या रस्त्यानं सुमारे २५ मैलांवरचं हेल क्रीक स्टेट पार्क. देखावा इथला जास्त राकट: पट्ट्यापट्ट्यांचे मातीचे डोंगर, मध्ये पाण्याचा निळा हात शिरलेला. दुसऱ्या खेपेला इथे या.

पश्चिमेची बाजू १९१ क्रमांकाच्या महामार्गावर, मिसुरीवरच्या फ्रेड रॉबिन्सन पुलाजवळ. स्लिपरी ॲन नावाच्या जागी सप्टेंबरात संध्याकाळी एल्क हरणांचे कळप झाडीतून बाहेर येतात आणि नर एकमेकांना आव्हान देत शीळ घालतात. त्या एका गोष्टीसाठी लोक लांबून येतात. गाड्या रस्त्याच्या कडेला शांत उभ्या असतात, दारसुद्धा कुणी आपटत नाही.

पोचायचं कसं? बिलिंग्ज हे जवळचं मोठं विमानतळाचं शहर. तिथून ग्लासगोला गाडीनं साडेचार-पाच तास धरा. माइल्स सिटीहून जॉर्डन ८४ मैल, आणि मध्ये म्हणावं असं गाव नाही. आणखी एक छान वाट आहे: शिकागोहून सिॲटल-पोर्टलंडला जाणारी एम्पायर बिल्डर रेल्वे ग्लासगोला थांबते. सेंट पॉलला रात्री बसलात की दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास उतरता. फक्त ग्लासगोला उतरल्यावर गाडी भाड्यानं मिळेल का, हे तिकीट काढण्याआधी फोन करून पक्कं करा. गाडी मिळाली नाही तर स्टेशनवरून पुढे जायला काही नाही.

कॅनडाची सीमा ग्लासगोपासून शंभर मैलांच्या आत आहे. ग्रीन कार्ड किंवा पासपोर्ट, व्हिसा आणि आय-९४ (देशात शिरल्याची सरकारी नोंद) यांचे मूळ कागद जवळ ठेवा. सीमेच्या अधिकाऱ्यांनी विचारलंच तर घरच्या कपाटातला कागद कामाला येत नाही.

कधी जायचं

जूनचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा हा नवख्यांचा हंगाम. जूनमध्ये गवत हिरवं असतं आणि नऊ वाजून गेले तरी सूर्य बुडत नाही, पण पाऊस याच महिन्यात जास्त. जुलै-ऑगस्टला ऊन कडक, पारा ३५ अंशांवर जातो, गवत वाळून पिवळं पडतं आणि वणव्याच्या भीतीनं शेकोट्यांवर बंदी येऊ शकते. मला स्वतःला ऑगस्टचा शेवट आवडतो: रस्ते सुकलेले, पाणी पोहण्याइतकं ऊबदार, डास कमी.

जुलैत ग्लासगोचे लोक गव्हर्नर्स कप नावाची वॉलाय माशांची स्पर्धा भरवतात. त्या आठवड्यात खोली आणि तंबूची जागा मिळणं अवघड. तारखा आधी बघून घ्या. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासे पकडणारे येतात, तो वेगळा विषय आहे. उणे ३० अंशांत काय करायचं हे ज्यांना माहीत आहे त्यांच्याबरोबरच जावं.

माती

माझं गाव परभणीकडं. आमचं सगळं रान काळं. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस आजोबा बांधावरच उभे राहायचे. रानात पाय घालू द्यायचे नाहीत. मग एका सकाळी खाली वाकून मूठभर माती उचलायचे, दाबायचे आणि सोडून द्यायचे. गोळा तसाच राहिला तर परत घरी. फुटून भुगा झाला तर म्हणायचे, वाफसा आला, औत जुंपा.

फोर्ट पेकच्या मातीला तिथले लोक गंबो म्हणतात. सुकी असते तेव्हा दगडासारखी, वर भेगांची जाळी, अगदी एप्रिलातल्या आमच्या रानासारखी. भिजली की साबण. ही सारखेपणाची गोष्ट नुसती दिसण्यातली नाही. आपली काळी माती सह्याद्रीच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन झाली. गंबो होते तिथल्या जुन्या शेल खडकातून. तो खडक म्हणजे एका प्राचीन समुद्राचा गाळ, आणि त्या समुद्रात पडलेल्या ज्वालामुखीच्या राखेचे बेंटोनाइटचे थर त्यात आहेत. मूळ वेगळं, पण फुगवणारं खनिज दोन्हीकडे एकाच जातीचं, मॉन्टमोरिलोनाइट. पाणी प्यायलं की फुगतं, सुकलं की आक्रसतं.

याच मातीनं धरणाचाही घास घेतला होता. नदीच्या तळातली वाळू-माती पाण्यात कालवून पाइपांनी भरावावर ओतत आणि पाणी निथळू देत ही भिंत उभी केली. २२ सप्टेंबर १९३८ रोजी पूर्वेकडच्या टोकाजवळ भरावाचा मोठा भाग जलाशयाच्या बाजूला घसरला. आठ कामगार गेले. त्यांतल्या सहा जणांचे देह कधीच सापडले नाहीत, ते त्या भिंतीतच आहेत. चौकशीत दोष निघाला तो पायाखालच्या झिजलेल्या शेलचा आणि त्यातल्या बेंटोनाइटच्या थरांचा. भिंतीवरून गाडी नेताना मी मुलांना हे सांगतो आणि तो तुकडा हळू चालवतो.

आता आमची गोष्ट. हेल क्रीकच्या वाटेवर एक कच्चा फाटा दिसला. कडेनं पाणी दिसेल म्हणून आत वळलो. आभाळ पश्चिमेला काळं झालं होतं, बायको म्हणाली, "अहो, परत फिरूया." मी म्हणालो, दहा मिनिटं. सर आली ती जेमतेम वीस मिनिटांची. त्यानंतर गाडी पन्नास-साठ फूट सरकली असेल. चाक रुतलं असं म्हणता येणार नाही, कारण चाक खाली गेलंच नाही. माती वर आली. टायरला चिकटली, त्यावर आणखी चिकटली, आणि चाकावरच्या कमानीत इतकी ठासून भरली की चाक फिरेना. मी उतरलो तर बुटाला पाच-सहा इंचांचा थर. तंबूच्या खुंटीनं ती माती खरवडून काढायचा प्रयत्न केला, जेवढी निघाली तेवढी खुंटीला चिकटली. चारचाकी ओढीची गाडी होती, त्याचा काही उपयोग झाला नाही.

सकाळी ऊन आणि वारा होता. साडेदहाच्या सुमारास मुख्य रस्त्यावरून एक पशुपालक आपल्या पिकअपमधून आला, फाट्यावरच थांबला आणि चालत आमच्यापर्यंत आला. पाण्याचा कॅन दिला. मी विचारलं, गाडी ओढाल का? तो म्हणाला, आत्ता ओढली तर रस्ता फाडेल आणि माझीही गाडी अडकेल. तीन वाजेपर्यंत थांबा. मग खाली वाकून त्यानं चिमूटभर माती बोटांत चुरली. तेव्हा मला आजोबा आठवले. तीन वाजता आमची गाडी आपणहून निघाली.

म्हणून रस्त्याचे नियम सांगतो, आणि हे मनापासून पाळा.

निघण्याच्या सकाळी हवामान बघा. आदल्या रात्रीचं चालत नाही. पावसाची शक्यता असेल तर डांबर सोडू नका. तिथं रस्त्यांचे तीन प्रकार आहेत: डांबरी, खडी टाकलेले आणि नुसते मातीचे. खडीचा रस्ता थोडा पाऊस सोसतो, मातीचा अजिबात नाही. नकाशाच्या ॲपवर दोन्ही सारख्याच रेघेनं दिसतात, त्यामुळे ॲपनं जवळची वाट दाखवली म्हणून वळू नका. मुख्य रस्त्यांची अवस्था ५११ या क्रमांकावर कळते. आतल्या वाटांसाठी वन्यजीव आश्रयस्थानाच्या कार्यालयाला किंवा जॉर्डनच्या पेट्रोल पंपावर विचारा. समोरून येणाऱ्या गाडीमागे धूळ उडत असेल तर रस्ता सुका आहे. धूळ नसेल तर थांबून खाली उतरा आणि माती हातात घेऊन बघा.

पावसानं आत गाठलंच तर आहे तिथं उंच, सपाट जागी थांबा. हलू नका. चाकं फिरवून खड्डे पाडू नका. सुकायला एक दिवस लागेल, कधी दोन. त्यासाठीच तो जास्तीचा दिवस आणि जास्तीचं पाणी.

गाडी भरताना

माणशी रोज चार लिटर पिण्याचं पाणी, आणि दोन दिवस जास्तीचे. जलाशयाचं पाणी तसंच पिऊ नका. पेट्रोलची टाकी अर्ध्यावर आली की पहिल्या पंपाला भरायची, मग तो कितीही महाग असो. खरी, पूर्ण मापाची स्टेपनी बघून घ्या; हल्ली बऱ्याच गाड्यांत ती नसते, आणि खडीचे धारदार दगड टायर कापतात. गाडी भाड्याची असेल तर खडीच्या रस्त्यावर न्यायला परवानगी आहे का, हे करारात वाचा. फावडं, टायरमध्ये हवा भरायचा पंप, आणि चाकातला चिखल काढायला एक लांब लाकडी काठी. धातूला गंबो चिकटते, लाकडाला जरा कमी.

फोनला आत कव्हरेज मिळत नाही. नकाशे आधी उतरवून घ्या. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्यानं मिळतं. नव्या फोनांत ती सोय असते, पण घरच्या अंगणात एकदा वापरून बघा. घरी कुणाला तरी लिहून द्या: कुठे राहणार, कुठला रस्ता, कधीपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं.

शिधा ग्लासगो किंवा माइल्स सिटीला भरा, फोर्ट पेकला दुकानावर भिस्त ठेवू नका. शाकाहारी मंडळींनी सगळं घरूनच न्यावं. आमच्याकडे थालिपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि मुगाची डाळ-तांदूळ मिसळून केलेली पुडी असते. वाऱ्यात चूल धरत नाही तेव्हा पहिल्या रात्री दशम्या कामाला येतात. गॅसची छोटी शेगडी आणि तिच्याभोवती लावायचा पत्र्याचा आडोसा हवाच.

कपड्यांत लांब बाह्या, टोपीला नाडी, आणि घोट्यावर जाणारे बूट. गवतात प्रेअरी रॅटलस्नेक असतो. तो अंगावर धावून येत नाही, पण दगडावर हात टाकण्याआधी आणि ओंडक्यापलीकडे पाय टाकण्याआधी बघायची सवय लावा. शेपटीचा खुळखुळ ऐकू आला की जागच्या जागी थांबा, साप कुठे आहे ते बघा आणि मग मागे सरका. मे-जूनमध्ये रोज संध्याकाळी मुलांच्या कानामागे आणि काखेत गोचिड्या तपासा. निवडुंगही आहे, जमिनीसरपट, गवतात न दिसणारा. सपाता घालून फिरायची जागा नव्हे ही.

तंबू

सुकलेल्या जमिनीत साधी खुंटी शिरत नाही, वाकते. लोखंडी लांब खुंट्या आणि हातोडी न्या. तंबूचं तोंड वाऱ्याकडे करू नका, वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. कॉटनवुडची सावली दुपारी खुर्ची टाकायला, तंबूला नाही. वादळात त्याच्या फांद्या मोडतात. उन्हाळ्यात संध्याकाळची वादळं झपाट्यानं येतात. वीज कडाडली की तंबू सोडून गाडीत बसायचं.

रात्री तीनच्या सुमारास एकदा मुद्दाम उठा. आजूबाजूला दिवा नाही. आकाशगंगा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत दिसते, आणि वारा पडलेला असेल तर पाण्यातही. माझ्या आईनं हे बघितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "लहानपणी माळवदावर झोपायचो तेव्हा असं दिसायचं."

पाण्यात उतरताना

पहिल्या दिवशी मोठ्या पाण्याला हात लावू नका. धरणाच्या खाली ड्रेज कट्स नावाची तळी आहेत. भरावासाठी गाळ उपसला त्याचे हे खड्डे, आता पाण्यानं भरलेले. पाणी शांत, किनारा जवळ, पोहायला जागा. कायाक आणि फळीवर उभं राहून वल्हवणं इथंच शिका. मिल्क नदी इथून जवळच मिसुरीला मिळते. १८०५ च्या मे महिन्यात लुइस आणि क्लार्क हे शोधप्रवासी इथून गेले, तेव्हा त्यांना तिचं पाणी कपभर चहात चमचाभर दूध घातल्यासारखं दिसलं आणि तेच नाव पडलं.

मोठ्या जलाशयाची अडचण वारा. अडवायला डोंगर नाही, झाड नाही. मैलोन् मैल उघड्या पाण्यावरून वारा येतो आणि अर्ध्या तासात आरशासारख्या पाण्यावर कमरेएवढ्या लाटा उठतात. तिथले अनुभवी लोक पहाटे निघतात आणि अकराच्या आत किनारा गाठतात. तुम्हीही तेच करा. कायाकवाल्यांनी खाडीसारख्या आत शिरलेल्या घळींतच राहावं, मधलं पाणी ओलांडू नये. पाण्यावर पांढरे फेसाचे ठिपके दिसायला लागले की तो दिवस संपला असं समजा. अडकलात तर जवळच्या किनाऱ्याला लागा, होडी वर ओढा आणि वारा पडायची वाट बघा. तो साधारण सूर्यास्ताला पडतो.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला, आणि अंगात घातलेलं. मोंटानात छोट्या होडीत १२ वर्षांखालच्या मुलांना ते घालणं कायद्यानं बंधनकारक आहे. मी मोठ्यांनाही घातल्याशिवाय बसू देत नाही. जूनच्या सुरुवातीला हवा गरम आणि पाणी मात्र गारठ्याचं असतं. पट्टीचा पोहणारासुद्धा अचानक पडला तर त्याचा श्वास अडकतो. विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्या लोकांना पाण्याची भीती कमी असते, म्हणून हे आवर्जून लिहितो.

होडी, कायाक, हवा भरून फुगवायची रबरी होडी, यांपैकी काहीही राज्याबाहेरून आणलं असेल तर पाण्यात घालण्याआधी त्याची तपासणी करून घ्यावी लागते. रस्त्यावर तपासणी नाका दिसला की थांबणं सक्तीचं. परक्या पाण्यातले शिंपले आणि वनस्पती इथं येऊ नयेत म्हणून ही व्यवस्था आहे, आणि ती योग्य आहे. एकदा झेब्रा शिंपला शिरला की त्याला बाहेर काढता येत नाही, आम्ही मिनेसोटावाले ते बघतो आहोत. दुष्काळात पाणी खाली जातं आणि होडी पाण्यात सोडायचे काही उतार कोरडे पडतात, तेव्हा होडी ओढून नेण्याआधी पाण्याची पातळी बघून घ्या.

मासे

मोंटानाच्या मत्स्य, वन्यजीव आणि उद्यान विभागाच्या संकेतस्थळावर परवाना मिळतो. एक नाही, तीन गोष्टी लागतात: संवर्धन परवाना, परक्या जलचरांच्या प्रतिबंधाचा पास, आणि मग मासेमारीचा परवाना. एका दिवसाचाही मिळतो. मुलांना कुठल्या वयापासून लागतो ते त्या वर्षीच्या नियमांत बघा. धरणाखालचा पूर्वेचा मुलूख फोर्ट पेक रिझर्व्हेशनचा, म्हणजे असिनीबोइन आणि सू या मूळ निवासी लोकांच्या राखीव भूमीचा. तिथं त्यांचे नियम आणि त्यांची परवानगी.

पाण्यात वॉलाय, नॉर्दर्न पाइक, स्मॉलमाउथ बास, लेक ट्राउट असे बरेच आहेत. चिनूक सॅमनही आहे, पण तो इथं आपोआप वाढत नाही, पिल्लं सोडावी लागतात. होडी नसेल तर ड्रेज कट्सच्या काठावरून किंवा खडकाळ टोकांवरून बासला गळ टाका. जिवंत आमिष बाहेरच्या राज्यातून आणण्यावर बंधनं आहेत, ते तिथल्या दुकानातूनच घ्या. तो दुकानदार कुठं काय लागतंय तेही सांगतो.

वॉलायचं मांस पांढरं, घट्ट, वास नसलेलं. माझा मालवणचा मित्र हळद-मीठ-तिखट आणि आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर तळतो. खाण्यापुरतेच ठेवा, बाकीचे हात ओला करून परत सोडा. पाइकचे दात ब्लेडसारखे असतात. गळ चिमट्यानंच काढा.

हाडं आणि दगड

फोर्ट पेकचं माहिती केंद्र चुकवू नका. आत मोठे मत्स्यालय-टँक आहेत आणि पेक्स रेक्स नावाच्या टायरॅनोसॉरसची पूर्ण आकाराची प्रतिकृती. तो याच भागात १९९७ साली सापडला. ज्या सांगाड्यावरून टी. रेक्स हे नाव ठरलं, तो जीवाश्म शोधणाऱ्या बार्नम ब्राउन यांना १९०२ मध्ये जॉर्डनजवळच्या हेल क्रीकच्या खडकांतच मिळाला होता.

या खडकांत ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची ती सीमारेषा आहे, जिच्या खाली डायनोसॉर सापडतात आणि वर सापडत नाहीत. त्याच काळात आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता, ज्याच्या थरांवर राजगड आणि रायगड उभे आहेत. तिकडच्या मातीच्या कड्यांतले पट्टे बघताना मला ताम्हिणीतल्या कड्यांचे थर आठवतात. मुलांना दोन्ही दाखवता आले, याचा मला फार आनंद आहे.

हाड दिसलं तर फोटो काढा, जागा लक्षात ठेवा, कार्यालयाला कळवा. उचलू नका. सरकारी जमिनीवरून डायनोसॉरचा तुकडाही उचलणं गुन्हा आहे, आणि हाड जागेवरून हललं की ते कुठल्या थरातलं होतं हे कायमचं हरवतं. कुंपणापलीकडची जमीन कुणाच्या तरी मालकीची असते, विचारल्याशिवाय जाऊ नका. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर लावून घ्या.

चार दिवस आणि एक

पहिल्या दिवशी ग्लासगोला शिधा आणि पेट्रोल, मग तंबू, संध्याकाळी ड्रेज कट्सवर. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी, दुपारच्या उन्हात माहिती केंद्र. तिथून पूर्वेला काही मैलांवर १६ दरवाजांचा सांडवा आहे, तो बघा. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी १९३४ सालच्या लाकडी फोर्ट पेक थिएटरात नाटक असतं. कामगारांसाठी बांधलेलं हे घर अजून चालू आहे, तिकीट काढून आत बसा. तिसऱ्या दिवशी मासेमारी किंवा कॅम्पजवळच्या पायवाटा. सकाळी लवकर निघालात तर तारेच्या कुंपणावर बसलेला मेडोलार्क गाताना दिसेल, पिवळी छाती, तिच्यावर काळा व्ही. चौथ्या दिवशी रस्ता सुका असेल तरच हेल क्रीक. पाचवा मोकळा.

निघताना होडीचं बूच काढा, सगळं पाणी तिथल्या तिथं ओतून द्या, शेवाळाचा तंतू राहिला असेल तर हातानं काढा आणि होडी उन्हात पूर्ण सुकू द्या. ग्लासगोला गाडी धुवायच्या जागी थांबून चाकांच्या कमानी आतून धुवा. सुकलेली गंबो चाकात एका बाजूला राहिली तर महामार्गावर गाडी थरथरते. आम्ही पहिल्यांदा घरी येताना वाटलं, ॲक्सलच मोडला. काठीनं खरवडल्यावर परातीएवढं ढेकूळ खाली पडलं.